गाडी पाणी पिते

माझी गाडी पाणी प्यायची आणि सगळ्यांना वाटायचं, दोष माझ्यात आहे.

पुरुष पिऊन घरी आला तर लोक म्हणतात, बिचारा, काहीतरी टेन्शन असेल. गाडी तांब्याभर पाणी प्यायली तर म्हणतात, बाई चालवते ना, मग असंच होणार. माझ्या गल्लीत असा एकही माणूस नव्हता ज्याने बोनेट उघडून बघितलं. मत मात्र प्रत्येकाने दिलं. मत द्यायला हात काळे करावे लागत नाहीत.

मी भाविका. पनवेलच्या कडेला आमचं गाव होतं, आता तिथे विमानं उतरतात. गावाच्या बदल्यात प्लॉट मिळाले, प्लॉटवर घरं झाली आणि घरासमोर एकेक मोठी पांढरी गाडी उभी राहिली. त्या गाड्या पुरुषांच्या. काचेवर पोरांची नावं लिहायची, लग्नाला मिरवायची, बाकीचे दिवस कव्हर घालून ठेवायची. माझी गाडी तसली नाही. सात सीटची, दुसऱ्याने वापरून टाकलेली, मागच्या दाराला पोचा. माझ्या पाटल्या मोडून मी ती घेतली. नवरा कुंदन बोटीवर असतो, महिनोन्‌महिने समुद्रात. फोनवर म्हणाला, ‘घे, तुला जमेल.’ त्याचा भाऊ हरेश म्हणाला, ‘वहिनी, हौस हाय, भागेल.’ सासूबाई, शांती, काहीच म्हणाल्या नाहीत. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि आत जाऊन कोलंबी सोलायला बसल्या. त्यानंतर वर्षभरात त्या एकदाही गाडीत बसल्या नाहीत.

हौस भागली नाही. काम मिळालं. नवीन पनवेलच्या चार शिक्षिका खंडाळ्याच्या एका शाळेत शिकवतात. त्यांना सकाळी घाटावर न्यायचं, शाळा सुटली की खाली आणायचं. चांगलं काम. बायका वेळेवर येतात, गाडीत वास करत नाहीत, आणि घाटात कोणी ‘मॅडम, जरा साइडला घ्या, मी चालवून दाखवतो’ असं म्हणत नाही.

मग गाडी पाणी प्यायला लागली.

पाणी म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट. दुकानात ते हिरवंगार मिळतं, पण आमच्याकडे त्याला पाणीच म्हणतात आणि कमी पडलं की नळाखाली बादली लावतात. बोनेटखाली एक प्लॅस्टिकची बाटली असते, तिच्यावर वरची रेघ आणि खालची रेघ. सकाळी बघावं तर पाणी खालच्या रेघेच्या खाली. मी भरायची. दुसऱ्या सकाळी परत खाली. गाडीखाली मात्र थेंब नाही.

बुधवारी घाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे, तापमानाचा काटा चढायला लागला. मी एसी बंद केला. काटा चढतच राहिला. बोनेटमधून वाफ आली तेव्हा मी गाडी कडेला घेतली. चार शिक्षिका पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या आणि बाजूने जाणारा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न मारून हसणारा. गाडी थंड करून, पाणी ओतून वर पोचेपर्यंत शाळेचा पहिला तास बुडाला.

परत येताना विनिता मॅडम, त्या चौघींत मोठ्या, पुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, “भाविका, पर्सनली मला तूच हवीयेस. पण प्रिन्सिपल मस्टर बघतात गं, चेहरा नाही. दोन दिवस आम्ही बसने जातो, तू गाडी नीट करून घे. सोमवारी बघू. पुन्हा असं झालं तर एजन्सीची गाडी लावावी लागेल. सॉरी हं.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

गुरुवारी मी शिवाच्या गॅरेजला गेले. गावातला पोरगा, आमच्या सगळ्या पांढऱ्या गाड्या त्याच्याकडेच. तो खुर्चीतून उठला नाही. हरेश तिथेच बसला होता, चहा पीत.

“पाणी कमी होतं ना वहिनी? खाली गळत नाय ना?”

“नाही.”

“मंग इंजिन पितंय. हेड गेलं.”

“अरे, बोनेट तरी उघड.”

“उघडून काय बघायचं? हेडच गेलं. इंजिन खोलायला लागेल, आठ-दहा दिवस धरा.”

हरेशने कप खाली ठेवला. “मी सांगत होतो ना? कळंबोलीला आपला माणूस हाय. हाय तशी उचलेल. रविवारी बोलावतो.”

हाय तशी उचलेल! मला त्या दोघांच्या डोक्यावर बादली ओतावीशी वाटली. बाईचं काहीही बिघडलं, गाडी, गुडघा, डोकं, की यांच्याकडे एकच उपाय. दुरुस्त करायचं नाही, कोणाला तरी देऊन टाकायचं.

मी घरी आले आणि मोबाइलवर बघून बघून जे करता येईल ते केलं. ऑइल भरायची टोपी उघडून पाहिली. पाणी इंजिनात गेलं तर तिथे दुधट साय धरते. साय नव्हती. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का पाहिलं. धूर नव्हता. रेडिएटरची टोपी नवी आणून लावली. संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत, आणि शुक्रवारी जरा बाजारापर्यंत जाऊन आले तर बाटलीतलं पाणी पुन्हा खाली. गळती आहे, पण ओल नाही. गेलेलं पाणी जातं कुठे?

शुक्रवारी संध्याकाळी हरेश ओटीवर येऊन बसला. “रविवारी दुपारी माणूस येतोय. गाडी धुऊन ठेव.” मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. त्यांचं गप्प बसणं मी हरेशच्या खात्यात टाकलं. घरात बाई गप्प बसली की ती पोराच्या बाजूची, हे मी माहेरी-सासरी बघत आलेय.

शनिवारी सकाळी मी चावी घेऊन बाहेर आले तर त्या गाडीच्या पुढ्यात उभ्या. हात पदराला पुसत.

“आज हिला भायेर नको काढू गो.”

“का?”

“आजचा दिस बसू दे. उद्या काढ.”

“आई, सोमवारी मला घाट चढायचाय.”

“म्हनून तर सांगते. एक दिस बसू दे तिला.”

“गाडी आहे ती, बाळंतीण नाही,” मी म्हटलं आणि दार आपटलं. आरशात त्या लांबपर्यंत दिसत होत्या, तशाच उभ्या.

मी कळंबोलीला निघाले. हरेशच्या माणसाकडे नव्हे. ट्रक टर्मिनलच्या मागे एक मुजीबभाई आहेत, फक्त रेडिएटरचं काम करतात. भाजीवाल्या सोनाबाईच्या टेम्पोचं काम त्यांनी केलं होतं, तिने नाव सांगितलं. लोखंड बाजाराच्या सिग्नलला थांबले तर गाडीत वरणाला फोडणी दिल्यासारखा वास आला. शेजारी हॉटेल असेल म्हटलं. काच वर केली.

मुजीबभाईंची पत्र्याची शेड. भिंतीला टेकवून ट्रकचे रेडिएटर ठेवलेले, दारं काढून ठेवल्यासारखे मोठे मोठे. मधोमध पाण्याचा हौद. ते साठीचे, पांढरी दाढी, बोलणं कमी. मी येताच त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला.

“गरम आहे. बसा.”

“मला घाई आहे.”

“बेटी, गरम रेडिएटरची टोपी उघडणारा आयुष्यात एकदाच उघडतो. बसा.”

बसले. त्यांनी आधी विचारलं, “पाणी कुठलं टाकता?”

“घरच्या बोअरचं.”

“तुमचं गाव खाडीकडचं ना? मचूळ पाणी. नमक खिलवता गाडीला.” त्यांनी मान हलवली. “पाणी कमी होतं, खाली पडत नाही. कोणाला दाखवलं?”

“शिवाला. तो म्हणाला हेड गेलं.”

“बोनेट उघडून म्हणाला?”

“न उघडता.”

“मग हेड त्याचं गेलंय.”

तीन दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

इंजिन थंड झालं. त्यांनी टोपी काढली, आत बॅटरी मारली. “पाणी पिवळं झालंय. गंज असेल.” टोपी काढलेली ठेवून मला इंजिन चालू करायला लावलं आणि पाण्याकडे बघत राहिले. हेड गेलं असेल तर इंजिनातली हवा पाण्यात बुडबुड्यांनी वर येते, ते म्हणाले. बुडबुडे आले नाहीत. “हेड शाबूत. अल्लाची मेहरबानी आणि शिवाची बदनामी.”

मग इंजिन बंद करून टोपीच्या जागी हातपंप बसवला. सायकलला हवा भरायचा असतो तसा, पण वर दाब दाखवणारं घड्याळ. त्यांनी पंप मारला, काटा चढला, आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. “बघत राहा. काटा जागचा हलला नाही तर तुमची गाडी खोटं बोलते. हलला तर शिवा.”

काटा हलत होता. इतका हळू की आधी मला वाटलं माझा डोळा हलतोय. पण हलत होता. खाली येत होता.

“म्हणजे गळतंय!”

“गळतंय. कुठे, ते सांगा.”

त्यांनी पाइप चाचपले, प्रत्येक क्लिपखाली बोट फिरवून बोट बघितलं. कोरडं. पंख्यापुढचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. आत वर्षाची धूळ, मेलेले किडे, घाटातली माती. सगळं कोरडं. आरसा लावून खालून बघितलं, काही नाही. काटा मात्र उतरतोय. मला घाम फुटला. गळतंय हे कळून जागा सापडली नाही तर सोमवारी मी कुठे असेन तेही माहीत होतं.

“साबण,” मुजीबभाई म्हणाले.

कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा त्यांनी मगमध्ये घोळवला, फेस केला, आणि रंगाच्या ब्रशने रेडिएटरला लावायला लागले. हवा सुटते तिथे फेसाला फुगे येतात, पंक्चरवाला बघतो तसंच. मी पंप मारत होते. ते खालून वर येत होते. खाली काही नाही. मध्ये काही नाही. वरची प्लॅस्टिकची टाकी पत्र्याला जिथे जोडलेली असते तिथे, ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात, एका पट्टीच्या मागे ब्रश गेला, आणि त्यांचा हात थांबला.

फेस गुलाबी होत होता. आमच्या डोळ्यांदेखत गुलाबीचा लाल झाला. कुंकवासारखा.

“हे काय?” मुजीबभाईंचा आवाज चढला. “लाल कूलंट कोणी टाकलं यात? हिरव्यात लाल घातलं की आत चिखल होतो, माहीत नाही?”

“मी नाही टाकलं.”

“मग हा रंग आसमानातून पडला?”

“मी नाही टाकलं म्हटलं ना!”

माझाही आवाज चढला. शेजारच्या शेडमधले दोघं बघायला आले. मी हात घातला आणि त्या कोपऱ्याला बोट लावलं. जिथे साबण पोचला नव्हता तिथे बोटाला पिवळं लागलं. ते बोट मी मगातल्या फेसात बुडवलं. बोट लाल झालं.

आता हे मला माहीत नसेल तर कोणाला असेल? आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला अख्खा गाव नाचतो, पुरुष जेवतात, पितात, झोपतात. दुसऱ्या दिवशी बायका दगडावर कपड्यांचा ढीग घेऊन बसतात. पिवळ्या साडीला साबण लागला की ती लालभडक होते. पहिल्यांदा बघणारी पोर किंचाळते, रक्त म्हणून. म्हाताऱ्या हसतात. माझ्या लग्नात मीच किंचाळले होते, आणि हसणारी म्हातारी माझी सासू होती.

सासू!

एक दिस बसू दे तिला. हात पदराला पुसत. वरणाचा वास.

“मुजीबभाई, हे कूलंट नाही,” मी म्हटलं. “ही हळद आहे.”

त्यांनी माझं बोट बघितलं, मग रेडिएटरच्या तोंडाला नाक लावलं. “तौबा.” बॅटरी मारून पुन्हा वास घेतला. “गंज म्हणालो मी. गंज! दाल भरलीय आत!” आणि ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. “आमच्यातही हळद असते बेटी, पण साबणाने लाल होते हे आज कळलं. कपडे मी थोडीच धुतो.”

“तेच तर,” मी म्हटलं.

मी घरी फोन लावला.

“आई, गाडीत हळद घातलीत?”

पलीकडून, “थांबली का गळती?”

“आधी सांगा, घातलीत का?”

“घातली. काल सांजचे. तू बोनेट उघडं टाकून आंघोळीला गेली तवा.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुझा सासरा टाकायचा. ट्रक गळाया लागला का मूठभर हळद, नि एक रात बसवायचा. हळद लागलेल्या नवरीला भायेर काढत नाय, तसंच. तू काढलीस. आईकतंस कुठं?”

“मग मला सांगायचं ना! तोंड उघडायचं!”

“सांगितलं असतं तर घालू दिली असतीस?”

ती आता बोलायला लागली होती, थांबायला तयार नव्हती. “उद्या हरेश गिऱ्हाईक घेऊन येईल. तेच्या आधी गळती थांबाया पायजे होती. मी काय करू दुसरं? मना काय मशीन समजते? हळद समजते, हळद घातली.”

मी तिला हरेशच्या खात्यात टाकलं होतं आणि ती बाई माझ्या गाडीवर वाकून मसाल्याचा डबा रिकामा करत होती. मला रडू आलं असतं, पण राग आधी आला.

“वर्षात एकदा तरी माझ्या गाडीत बसलात का तुम्ही?”

“तू कवा बोलावलंस?” तीही चिडली. “गाडी आणलीस, नारळ फोडलास, चावी फिरवलीस नि गेलीस. मी काय आपसूक चढून बसू? बोलाव मंग बसते.”

आणि फोन ठेवला.

मुजीबभाई मला हाताने बोलावत होते. जागा सापडली होती. त्या कोपऱ्यात पत्र्याचे दात प्लॅस्टिकच्या टाकीला धरून ठेवतात, मध्ये रबर असतं. दोन दात सैल झाले होते. का? खाली रेडिएटर ज्या रबरी गोटीवर बसतो ती गोटीच नव्हती. प्रत्येक खड्ड्यात रेडिएटर हलायचा आणि तो कोपरा उघडायचा. गाडी उभी असली, थंड असली की फट मिटायची. घाटात तापून आत दाब वाढला की उघडायची, पाणी बारीक बाहेर यायचं आणि गरम पत्र्यावर पडून वाफ होऊन जायचं. पुठ्ठ्यावर थेंब कुठून पडणार?

“पीत नव्हती बिचारी,” ते म्हणाले. “घाम गाळत होती.”

“आणि हळदीने थांबलं असतं?”

“जुन्या पितळी रेडिएटरला बारीक भोक असेल तर काही दिवस थांबतं. तुमच्या सासऱ्यांनी चुकीचं नाही केलं. पण याच्या नळ्या काडीएवढ्या. हळद त्यात बसली असती आणि सोमवारी घाटात बुधवारपेक्षा वाईट उकळलं असतं.” त्यांनी दाढी खाजवली. “आता हेही खरं, हळद नसती तर मी अजून आरसा घेऊन बसलो असतो. कोपऱ्यात फुगा एवढासा आहे, माझ्या डोळ्याला दिसला नसता.”

रेडिएटर खाली उतरवला. मी मदत केली, नुसती उभी नाही राहिले. दात एकेक करून स्क्रूड्रायव्हरने उघडले. आतलं रबर कडक होऊन शेवेसारखं तुटत होतं. नवं बसवलं. पण आधी उलट्या बाजूने पाइप लावून धुतलं, आणि शेडसमोरचं सगळं अंगण पिवळं झालं. पिवळं पाणी ट्रकच्या चाकांखालून रस्त्याला गेलं. शेजारचा एक मेकॅनिक ओरडला, “मुजीबभाई, हळद झाली, लग्न कधी?”

“सोमवारी,” मुजीबभाई म्हणाले. “घाटावर.”

पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. दात पुन्हा दाबून बसवले. रेडिएटर हौदात बुडवून हवा भरली. आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. खाली नवी गोटी घालून रेडिएटर जागेवर बसवला, कूलंट आणि बॅटरीचं शुद्ध पाणी मिसळून भरलं, टोपी उघडी ठेवून इंजिन चालवलं, आतली हवा निघेपर्यंत. पंखा आपोआप सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. शेवटी टोपी लावून त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं. “बोअरचं पाणी परत टाकलंत तर माझ्याकडे यायचं नाही. आणि उद्या लोड घालून घाट चढवून बघा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चढते.”

घरी आले तर सासूबाई ओटीवर होत्या. मी गाडीतूनच म्हटलं, “आई, उद्या घाटावर जायचंय. गाडी भरून. बसाल?”

“आता बोलावलंस,” त्या म्हणाल्या. “भरायचं मी बघते.”

रविवारी दुपारी त्यांनी गाडी भरली. सोनाबाई, गोदूमावशी, भामाआत्या आणि भामाआत्याच्या दोन जावा. सगळ्या नऊवारीत, गजरे माळून. चार शिक्षिका मिळून जेवढं वजन होत नाही तेवढं मधल्या सीटवरच झालं. गाडी खाली बसली. “कुठं चाललो?” गोदूमावशीने विचारलं. “एकवीरेला,” कोणीतरी म्हणालं. “नाय, गाडीच्या लग्नाला,” सासूबाई म्हणाल्या. त्या पुढे, माझ्या शेजारी. पट्टा लावताना मी वाकले तर म्हणाल्या, “आवळू नको, मी काय पळून जाते?”

मी गाडी काढतेय तेवढ्यात हरेश आला. मागे मोटारसायकलवर त्याचा माणूस.

“वहिनी, कुठे? गिऱ्हाईक आलंय!”

मी काच खाली केली, पण बोलायची वेळ आली नाही.

“आयलंय तर चाय पाज तेला,” सासूबाई माझ्या अंगावरून वाकून म्हणाल्या. “गाडी इकायची नाय.”

“आई, तुला काय कळतं त्यातलं? हेड गेलंय तिचं.”

“तुझं गेलंय,” त्या म्हणाल्या. मुजीबभाईंचा डायलॉग मी त्यांना रात्री जेवताना सांगितला होता. मागच्या सीटवरून सगळ्याजणी हसल्या, आणि पुढे त्याची आईही. हरेश मागे सरला. गिऱ्हाईकाने मोटारसायकल वळवली.

खोपोलीपर्यंत बायका बोलत होत्या. घाट लागला. पुढे सळ्यांनी भरलेला ट्रक, रखडत चाललेला. ओव्हरटेक करायला जागा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चढ. याहून वाईट परीक्षा कोणी घेतली नसती. मी रस्ता कमी आणि काटा जास्त बघत होते. सासूबाईंनाही कळलं. “ती सुई का?” त्यांनी विचारलं. “मधी हाय. मधी असली का चांगलं?”

“मधेच राहायला पाहिजे.”

“मंग तू रस्ता बघ. सुई मी बघते.”

आणि त्या बघत राहिल्या. प्रत्येक वळणाला सांगत राहिल्या, मधी हाय, मधी हाय, नाडीचे ठोके मोजल्यासारख्या. बुधवारी वाफ आली होती ती जागा गेली. मधी हाय. ट्रक कण्हत होता. मागे भामाआत्याने गाणं लावलं होतं, मोबाइलवर नाही, तोंडाने, हळदीचं. मधी हाय.

शिंग्रोबाच्या देवळापाशी मी गाडी थांबवली. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना या घाटाची वाट दाखवली आणि त्यांनी त्याला गोळी घातली असं सांगतात. मग देऊळ बांधलं. वाट दाखवणाऱ्याचं हे असं. ड्रायव्हर लोक इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. मीही टाकते, पण भक्तीने नाही. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

बायका उतरल्या, पाय मोकळे केले. मी बोनेट उघडलं. गरम हवा तोंडावर आली, पण वाफ नाही. कोपऱ्यावर बोट फिरवलं. कोरडा. आणि बाटलीतलं हिरवं पाणी दोन रेघांच्या बरोबर मध्ये, सकाळी होतं तिथेच.

मी मोबाइल काढून बाटलीचा फोटो घेतला आणि विनिता मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, ‘उद्या येते.’ त्यांचं उत्तर लगेच आलं, ‘हे काय आहे??’ आणि त्याच्यामागे, ‘बरं. ये. उशीर नको.’

वर बघते तर सासूबाईंनी पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली होती.

“आई, नाही!” मी ओरडले. “हळद नाही!”

“ओरडते काय? देवाला लावते.” त्यांनी शिंग्रोबाला चिमूटभर लावली, मग मागे वळून बोनेटच्या कडेला बोट पुसलं. पत्र्यावर एक पिवळी रेघ. “भायेरून चालते ना?”

“बाहेरून चालते.”

त्या आत डोकावल्या. वायरी, पाइप, बाटली. जणू परक्या बाईच्या स्वयंपाकघरात आल्यासारख्या, कुठे काय ठेवलंय ते बघत. बाटलीवर बोट टेकवून म्हणाल्या, “हाच का पान्याचा डबा?”

“हाच.”

“नि भरायचं दुकानातलं, बोअरचं नाय.”

“हो.”

“मंग हे वरचं मोठं झाकण उघडायचं कसं ते सांग. सकाळी तू तयारी करशील तवर मी बघत जाईन.”

मी टेकूची सळई काढून बोनेट खाली केलं आणि त्याच्या कडेखालचा खटका त्यांना दाखवला. पहिल्यांदा त्यांना जमलं नाही. दुसऱ्यांदा बोनेट वर आलं. मागून गोदूमावशी ओरडली, “शांते, आटप गो, एकवीरा वाट बघते!”

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “अजून एकदा.”